सोबतच्या माणसांचा रकाना

तहसील कचेरीत परराष्ट्र खातं असतं असं सांगितलं तर वाचक हसतील. आमच्या कचेरीत ते होतं. रेकॉर्डच्या खोलीबाहेर, पक्षकारांसाठी पाण्याचा रांजण ठेवलेला असे तिथं, एक तीन पायांचं टेबल होतं. चौथ्या पायाच्या जागी जुन्या मिसली, म्हणजे निकाली प्रकरणांचे गठ्ठे, रचल्या होत्या. त्या टेबलाशी बसून मी रंगूनपर्यंतचा कारभार पाहिला आहे. कचेरीचं नाव लिहीत नाही. त्या वेळची माणसं गेली, पण कचेरी तिथंच आहे. गोंदियाच्या आसपासची होती, एवढं पुरे.

नोकरीतल्या गमती लिहा असं संपादकांनी सांगितलं होतं. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मग जे सांगायचं आहे ते सांगतो. ते मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही.

स्वराज्याला दोन वर्षं होऊन गेली होती. ब्रह्मदेशही इंग्रजांच्या हातून सुटला होता, पण सुटल्याबरोबर तिथं बंडाळी माजली. आमच्या भागातली बरीच माणसं लढाईच्या आधीपासून तिकडे होती. आमच्याकडच्या भातगिरण्यांत हात बसलेले मिस्त्री तिकडच्या मोठ्या गिरण्यांत जात, आणि त्यांच्या मागं त्यांचे हमाल. जपानी आले तेव्हा काही जण रान तुडवत परतले, काही वाटेत राहिले, काही तिथंच दडून बसले. आता बंडखोरांनी गावं ताब्यात घेतली, गिरण्या बंद पडल्या आणि हे दडून राहिलेले लोक रंगूनला येऊन एका शाळेच्या आवारात गोळा झाले. आपल्या सरकारनं ठरवलं की जो आपला आहे त्याला जहाजानं फुकट कलकत्त्याला आणायचं आणि तिथून रेल्वेनं घरी पोचवायचं.

आता, जो आपला आहे तो आपला कशावरून? इथं माझं टेबल येतं. तिकडे माणसानं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचं. ते कागदावर उतरून रंगूनहून दिल्लीला, दिल्लीहून नागपूरला, नागपूरहून भंडाऱ्याला आणि भंडाऱ्याहून आमच्याकडे येई. मी गावात जाऊन खात्री करायची, आणि कागद त्याच वाटेनं परत. ‘खात्री झाली’ असं लिहून गेलं की माणूस जहाजात. नाही गेलं की माणूस शाळेच्या आवारात. कागद छापील होता. नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण आणि शेवटी ‘सोबतची माणसे’ असे रकाने होते. खाली एक ओळ होती: ‘मी स्वतः गावी जाऊन, घरातील सर्व प्रौढ माणसांस विचारून खात्री केली आहे.’ तिच्याखाली माझी सही. ही ओळ वाचकांनी लक्षात ठेवावी.

पहिली यादी आली तीत अकरा नावं होती आणि अकराही जणांचं गाव गोंदिया. मी डोक्याला हात लावला. रंगूनच्या साहेबाला आपलं चाळीस घरांचं खेडं कसं कळणार, म्हणून प्रत्येकानं शहाणपणा करून जवळचं मोठं स्टेशन सांगितलं होतं. साहेबाला गोंदिया नकाशात सापडलं, तो खूश झाला. मला अकरा माणसं चार-पाचशे खेड्यांत शोधायची होती.

ती मी शोधली, याचा मला अजून अभिमान आहे. आधी गिरण्यांतल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांना गाठलं. कोण कोणाच्या हाताखाली शिकला, कोण कोणाबरोबर गेला, हे त्यांना पाठ होतं. मग आठवडी बाजारात बैलबाजाराच्या कडेला उभा राहून नावं वाचली. महिन्याभरात अकरापैकी दहांची गावं लागली.

पण गाव लागणं सोपं आणि घरच्यांचं तोंड उघडणं कठीण. आमच्या लोकांना कचेरीतल्या माणसानं नाव घेऊन विचारलं म्हणजे समन्स, नाहीतर धानाची लेव्ही, एवढंच ठाऊक. ‘अमुक तमुक तुमचा का?’ असं विचारलं की पहिलं उत्तर ‘नाही जी.’ तिरोड्याकडच्या एका बापानं मुलाला तीनदा नाकारलं. मी कागद गुंडाळून निघालो, तर हा माझ्या सायकलीमागं पांदणीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “जेवते का जी तो?” मी तिथंच सायकल आडवी केली आणि त्याचा अंगठा घेतला. सडक अर्जुनीच्या बाजूला दुसरा एक जण भेटला, त्यानं लगेच कबूल केलं. वर म्हणाला, “आनत असान त धान कापाच्या आधी आना. कापनं झाल्यावर येऊन काय करून राहिला तो?” एका बाईनं विचारलं, ब्रह्मदेश कोणत्या तहसिलीत येते. मी म्हणालो, आमच्याच.

म्हणजे भीतीनं लोक खोटं बोलतात हे मला चांगलं कळलेलं होतं. तरी पुढं जे झालं ते झालं.

अकरावं नाव लटारू वल्द सीताराम. अंगावरची खूण: डाव्या पोटरीवर भाजल्याचा जुना डाग. सोबतची माणसे: मुलगी एक, वय चार. बाकी दहा एकटे होते, सोबत माणूस असलेला हा एकटाच. एका म्हाताऱ्या मिस्त्र्याला तो आठवला. सौंदडला उतरून दीड कोसावरचं गाव आहे, म्हणाला.

दसरा झाला होता. छोट्या लाईनीच्या गाडीनं मी सौंदडला उतरलो आणि धानाच्या बांधांवरून चालत गेलो. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीवर सतरंजी घातली होती. कोतवाल लटारूच्या धाकट्या भावाला घेऊन आला. डोमा त्याचं नाव, तिशीतला, रोवणीपासून चिखलात राबून पायांच्या बोटांना भेगा पडलेल्या. मी नाव वाचलं. डोमा म्हणाला, “भाऊ मेला जी. लढाईच्या सालात.”

“कोणी पाहिलं?”

“पाह्यलं नाही कोनं. पन आमी त्याचं सारं केलं. परसाचा पुतळा जारला.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माणूस परदेशी गेला, वर्षानुवर्षं खबर नाही, प्रेत नाही, तर त्याच्या जागी पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि दहावं-तेरावं करतात. तेवढ्यानं तो मेला. गावाच्या लेखी त्यात काही कमी राहत नाही. पंचांनी मान हलवली, हो, आम्ही होतो. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या पुस्तकातही नोंद निघाली.

मी खूण वाचून दाखवली. डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग. डोमानं झटकन वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी ते पाहिलं. मला काय वाटलं तेही आठवतं: आता याला खोदत बसलो तर परतीची गाडी चुकते. मी ‘मुलगी एक’ वाचलंच नाही. मेलेल्याला मुलगी कुठली? पंचनामा लिहिला, पाच अंगठे घेतले, पटवाऱ्याची सही घेतली. घर ओसरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथं मी गेलो नाही. ‘घरातील सर्व प्रौढ माणसांस विचारून’ या ओळीखाली सही केली आणि वर शेरा मारला: ‘सदर इसम मयत. सांगणारा दुसराच कोणी असावा.’ दहांच्या खात्रीबरोबर हा अकरावा कागदही भंडाऱ्याला गेला.

दिवाळी झाली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, सोयरे येतात, दुकानं लागतात आणि दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होते. सौंदडच्या बाजूच्या एका मंडईत मी बंदोबस्ताच्या कामावर होतो. दंडारीचा डफ वाजत होता, पोरं पुढं रेटत होती. गर्दीतून एक म्हातारी सरळ माझ्याकडे चालत आली. लहानखुरी, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात चपला. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमीच का जी तहसिलीतले बाबू? आमच्या गावाले आलते ते?”

मी हो म्हणालो.

“माया लटारूच्या पायाले डाग हाये म्हनते तुमच्या कागदात. कोतवालाची बायको सांगे. कोन्या पायाले?”

“डाव्या.”

तिनं डोळे मिटले. पडते की काय म्हणून मी पुढं झालो, पण ती पडली नाही. म्हणाली, “आंबील उतू जाऊन राहिली होती. मी घाईनं गंज उतरवला, तो त्याच्या पायावर सांडला. दोन सालाचा होता. तो डाग मीच देल्ला जी.” मग तिनं मला विचारलं, “मले काऊन नाही इचारलं?”

मी म्हणालो, “बाई, तुम्ही तर त्याचा पुतळा जाळला होता.”

“त्याहीनं जारला. मी नाही रडली. पुतळ्यासाठी कोन रडते?”

तिचं नाव सगुणाबाई. दंडारीच्या गलक्यात तिनं मला जे सांगितलं ते असं. डोमाची दोन लेकरं पाठोपाठ पाळण्यातच गेली. गावच्या पुजाऱ्यानं सांगितलं की थोरला कुठंतरी मरून पडला आहे, त्याचं कोणी केलं नाही, म्हणून तो घरातली लेकरं ओढतो. तेव्हा पुतळा जाळला. पुढच्या साली डोमाला मुलगा झाला आणि तो जगला, आता तीन वर्षांचा होता. कचेरीच्या बाबूनं ओसरीवर बसून लटारू जिवंत आहे असं सुचवलं, तेव्हा डोमाच्या मनात आलं: भाऊ जिवंत असेल तर आपण जाळलं ते काय? केलेलं सगळं खोटं ठरलं तर पोरगं राहील का? त्या दिवशी घरी येऊन त्यानं मुलाला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

“डोमा वाईट नाही जी,” ती म्हणाली. “भेला तो. पन तुमी कायले भेले?”

ती मला टोचून बोलली असं नाही. तिला वाटलं असेल, मालगुजाराच्या ओसरीवर मी घाबरलो. मी तेव्हा घाबरलो नव्हतो, आळस केला होता. घाबरलो ते नंतर.

कारण आता काय करायचं ते स्पष्ट होतं. मंडईतून परतलो की तहसीलदारांना सांगायचं, माझा अहवाल चुकला, आणि तार करायची. पण माझी नोकरी हंगामी होती. खोट्या ओळीखाली माझी सही होती. घरी बायको, दोन मुलं, शिवाय धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलेलं. तहसीलदार जबलपूरकडचे, करडे, शिस्तीचे. वर्षापूर्वी एका कारकुनानं न जाता पंचनामा लिहिला म्हणून त्यांनी त्याला एका दिवसात घरी पाठवलं होतं. मी त्या कागदाची कचेरीतली नक्कल उघडायचो आणि मिटायचो. पहिल्या दिवशी ठरवलं, भंडाऱ्याहूनच कागद परत येईल, काहीतरी खोट निघेल, मग दुरुस्ती सहज होईल. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, त्याचा मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी ते आले, मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा रांजणातलं पाणी पिऊन जागेवर बसलो. नागपूरचं वर्तमानपत्र गाडीनं दुपारी येई. त्यात रंगूनच्या आसपासच्या चकमकींची बातमी असे, आणि मी ती पानं उलटी घडी करून ठेवत असे.

चौथ्या दिवशी सकाळी कचेरीच्या पायरीवर सगुणाबाई बसलेली दिसली. सौंदडहून पहिल्या गाडीनं आली होती. मला पाहून उठून उभी राहिली. मी तसाच तिला घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो आणि जे होतं ते सांगितलं. सही, ओसरी, परतीची गाडी, सगळं.

साहेबांनी चष्मा काढला. “बाबू, सरकारी कागज में आदमी एक ही बार मरता है. उसे जिंदा करने के लिए बहुत लोगों को शर्मिंदा होना पड़ता है. पहले तुम.” मग म्हातारीकडे बघून म्हणाले, “माताजी, पक्का आपका बेटा है?”

तिला हिंदी कळलं नाही, पण प्रश्न कळला. तिनं डाव्या पोटरीवर हात ठेवून दाखवला.

“तार लिखो,” साहेब म्हणाले. “तुम्हारा बाद में देखेंगे.”

तार गेली. आठ दिवसांनी नागपूरमार्गे उत्तर आलं. दहा इसमांस घेऊन जहाज आदल्या दिवशी सुटले होते. अकराव्या इसमाबाबत पुढील जहाजाच्या वेळी विचार होईल. आदल्या दिवशी म्हणजे कोणत्या, ते मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. तार रंगूनला पोचली त्याच्या आदल्या दिवशी. तीन दिवस आधी तार केली असती तर ती जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी पोचली असती. हे गणित इतकं सोपं आहे की त्यात लपायला जागा नाही.

पौषात ते दहा जण आले. गोंदिया स्टेशनावर दुपारी कलकत्त्याची गाडी लागली तेव्हा मी यादी घेऊन फलाटावर होतो. तिरोड्याच्या त्या बापानं मुलाला ओळखलं नाही, मुलानंच त्याला ओळखलं. दोघं एकमेकांसमोर नुसते उभे राहिले. सगळीकडे रडारड, हसणं, पोह्यांच्या पुरचुंड्या. मी एकेकाची सही घेत होतो. शेवटी त्या तिरोड्याच्या मुलाला विचारलं, लटारू कुठं आहे.

“राह्यला जी तो. त्याले साहेबानं सांगतलं, तुया गावानं लिहून धाडलं, तू मेला. तो हासला पहिले. मग गप झाला. आमी जहाजाकडे निघालो तवा पोरीले खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आलता. पोरगी हात हालवून राहिली होती आमाले.”

“मुलीची आई?”

“ते तिकडचीच होती. गिरनी जरली तवा मेली.”

मी सौंदडला जाऊन सगुणाबाईला सांगितलं, लटारू सुखरूप आहे, पुढच्या जहाजानं येईल. मुलीचं सांगितलं नाही. परक्या देशातली बायको, तिची मुलगी, गावात काय म्हणतील, म्हातारीला काय वाटेल, असा विचार मी केला. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली की ती विचारेल, मुलगी कशी आहे, आणि मला माहीत नव्हतं.

मग वाट पाहणं. वर्तमानपत्राची घडी आता मी उलटी करत नव्हतो, अक्षर न अक्षर वाचत होतो. बंडखोर अमुक ठिकाणी आले, रेल्वे उखडली, तांदळाचा तुटवडा. शाळेच्या आवारात आता कोण उरलं असेल, त्यांना खायला कोण देत असेल. धाकटी मुलगी ताप येऊन अंथरुणावर पडली की मला उगाच वाटे, ही त्याची शिक्षा. बायको म्हणाली, तुम्हाला काय झालं आहे, तर मी कामाचा ताण सांगितला. माझ्याबद्दल साहेबांनी ‘बाद में देखेंगे’ म्हटलं होतं, त्याचीही धास्ती होतीच.

होळी झाली. मोहफुलं वेचायला बायका रानात जाऊ लागल्या. अशा एका सकाळी तार आली: इसम एक, लटारू वल्द सीताराम, अमुक गाडीनं. इसम एक. मी ती तार खिशात घातली. तारेत शब्द वाचवतात, असं मनाला समजावलं. मुलांना तिकीट नसतं, त्यांना कोण मोजतो.

गाडीतून तो एकटाच उतरला. चाळिशीचा, पण दिसायला साठीचा. खांद्यावर एक गाठोडं. मी त्याचा हात धरला आणि त्याच्या मागं डब्याच्या दाराकडे पाहत राहिलो. दार रिकामं होतं. गाडी सुटली.

छोट्या लाईनीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. तो खिडकीतून बाहेर पाहत होता. धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या, गुरं सुटलेली. एकदा म्हणाला, “माय हाये का जी?” मी म्हणालो, आहे. मग तो पुन्हा बाहेर पाहू लागला. मला एकच गोष्ट विचारायची होती. शब्द जुळवत होतो आणि प्रत्येक स्टेशन गेलं की हायसं वाटत होतं.

गावाच्या शिवेवर पंच उभे होते. डोमा त्यांच्या मागं, हात जोडून, रंग उडालेला. त्याची बायको दिसत नव्हती. मुलाला घेऊन तिला माहेरी धाडलं होतं. पंच म्हणाले, या माणसाचं सारं करून झालं आहे, मेलेला माणूस गावात कसा घ्यायचा. लटारू वडाखाली खाली बसला. त्यानं भांडण केलं नाही. जणू हे ऐकायची त्याला सवय झाली होती.

रीत होती, ती म्हाताऱ्या सुईणीला ठाऊक होती. जाळलेला माणूस परत आला तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. मग तो आधीचा राहत नाही, आणि आधीचं जाळलेलं खोटंही ठरत नाही. डोमानं हे ऐकलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. “मंग पोराले काई होनार नाही ना?” त्यानं सुईणीला दोनदा विचारलं.

न्हाव्यानं लटारूचं डोकं, मिशा भादरल्या. सुईणीनं त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घातली आणि सगुणाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. सगुणाबाई जमिनीवर पाय पसरून बसली. चाळिशीचा तो माणूस तिच्या मांडीवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन. तो मावत नव्हता. सुईणीनं नाळेच्या नावानं सुताचा धागा कापला, बोटानं मध चाटवला. हसायला यायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. म्हातारीनं त्याच्या कानात नाव सांगितलं. पंच म्हणाले, नवीन नाव ठेव. ती म्हणाली, “दोन नावं मले कोन देल्ली? हेच हाये माह्याजवर.” लटारूच ठेवलं. मग तिनं लुगडं बाजूला करून त्याच्या डाव्या पोटरीवरून हात फिरवला आणि ती रडली. पुतळ्यासाठी साठवून ठेवलेलं सगळं रडली असावी.

कोतवाल मोठा प्रामाणिक माणूस. त्यानं तिथंच बसून आपल्या पुस्तकात जन्माची नोंद केली: मुलगा, आईचं नाव सगुणा. पुढं तालुक्याला आकडे गेले तेव्हा साठीतली बाई बाळंत झाली कशी म्हणून विचारणा आली आणि ती निस्तरता निस्तरता मला घाम फुटला. गंमत लिहायची तर ही एक आहे.

डोमा माणूस पाठवून बायकोला आणि मुलाला घेऊन आला. मुलाला त्यानं भावाच्या पुढ्यात उभं केलं आणि स्वतः मागं सरला. लटारूनं त्या मुलाकडे फार वेळ पाहिलं. त्याची उंची बघितल्यासारखा हात थोडा वर केला, मग खाली घेतला.

मला राहवलं नाही. लोक पांगत होते, जेवणाची पानं मांडली जात होती. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “लटारू, तू मेला असं मीच लिहिलं होतं. घरी न जाता लिहिलं. आणि कळल्यावर तीन दिवस गप्प बसलो.”

सगुणाबाई ऐकत होती. डोमाही. मी मान खाली घातली. आता तो विचारेल, ओरडेल, निदान अंगावर येईल, असं वाटलं. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं आपल्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. “तो गेला जी,” तो म्हणाला. “त्या जन्माचं मले नोको इचारू.”

मी विचारलं नाही.

साहेबांनी माझं ‘बाद में’ कधी पाहिलं नाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली. ज्या जाबाच्या धास्तीनं मी ते तीन दिवस घालवले, तो जाब पुढं तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी विचारला नाही. नोकरी कायम झाली, बढत्या मिळाल्या, निरोपाला शालही मिळाली. लटारू गावातच राहिला, डोमाबरोबर शेती केली, लग्न केलं नाही. मंडईत दिसला की मला रामराम करी, आणि कोणाचंही लहान मूल जवळ आलं की उठून दुसरीकडे बसे.

त्या दिवशी कचेरीत परत येऊन मी पोचपावती भरायला घेतली. नाव भरलं, बापाचं नाव भरलं, खूण भरली. ‘सोबतची माणसे’ या रकान्यापाशी टाक थांबला. रंगूनच्या कागदावर मुलगी एक, वय चार होती. कलकत्त्याच्या तारेत इसम एक होता. मधलं फक्त त्याला माहीत होतं. मी तो रकाना कोरा ठेवून कागद भंडाऱ्याला पाठवला. तिथून तो नागपूरला गेला, नागपूरहून दिल्लीला, दिल्लीहून रंगूनला. इतक्या हातांतून गेला, पण ती मुलगी कुठं आहे, असं एकानंही विचारलं नाही.